‘हे वाचून पाहा’ असे म्हणताना

पुस्तक सुचवणे हे मराठीच्या शिक्षकाला मिळणारे सर्वांत निर्वेध सुख आहे, अशी आमची बरीच वर्षे समजूत होती. अध्यापनात अभ्यासक्रमाची सक्ती असते, परीक्षेची टांगती तलवार असते. तास संपल्यावर व्हरांड्यात एखादा विद्यार्थी ‘सर, काही वाचायला सांगा’ म्हणतो, तेव्हा मात्र आपण कोणाचेही देणे लागत नाही. भोरसारख्या गावात हे सुख वारंवार मिळत असे. वेळवंड, गुंजवणी आणि कानंदीच्या खोऱ्यांतून येणारी मुले दिवसाचे दोन-अडीच तास एस.टी.त काढतात. त्यांना वाचायला वेळ असतो आणि घरी पुस्तके फारशी नसतात. आमची यादीही तयार असे. कोणत्या गावचा मुलगा आहे, हे कळले की पुस्तक ठरले. हिरडस मावळातला असेल, तर बाजीप्रभूंवरची रणजित देसाईंची ‘पावनखिंड’. राजगडाच्या पायथ्याचा असेल, तर गोनीदांची ‘वाघरू’. ज्याला नुसती गोष्टच हवी असेल, त्याला नाथमाधवांची स्वराज्याची मालिका. या यादीचा आम्हाला थोडा अभिमानही होता.

तो अभिमान एका मुलीने दोन वाक्यांत उतरवला. तिची आई वेल्ह्याकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका होती. मूळचे कुटुंब नगर जिल्ह्यातले, ख्रिस्ती. मुलगी रोज मार्गासनी, नसरापूर, कापूरहोळ असा प्रवास करून भोरला येई. एके दिवशी तिने वर्तमानपत्राचे वेष्टन घातलेली एक जाड इंग्रजी कादंबरी आमच्या टेबलावर ठेवली. पुण्यात परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या तिच्या मावसबहिणीने ती दिली होती. “सर, असं मराठीत काही आहे का? आईला इंग्रजी झेपत नाही. तिलाही वाचायची आहे.”

कादंबरी फ्रान्सिन रिव्हर्स या अमेरिकन लेखिकेची ‘रिडीमिंग लव्ह’ होती. आम्ही मलपृष्ठ चाळले. गेल्या शतकाआधीचा काळ, प्रेमकथा, प्रार्थना, पश्चात्ताप. चटकन म्हणालो, “अगं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे की! ते वाच.”

ती अवघडली. मग म्हणाली, “ते आईच्या उशाशीच असतं, सर. मी कादंबरी विचारली होती.”

त्या क्षणी आम्ही हसून वेळ मारून नेली. पण एस.टी. स्थानकाकडे चालत जाताना ते वाक्य सोबत आले. तिने ऐतिहासिक प्रेमकथा मागितली होती. आम्ही तिचे आडनाव ऐकले होते आणि आडनावाला साजेसे पुस्तक काढून दिले होते. ‘स्मृतिचित्रे’ हे थोर पुस्तक आहे, याने या चुकीचे परिमार्जन होत नाही. भूक लागलेल्या माणसाला त्याच्या जातीचे जेवण वाढण्यातला हा प्रकार होता. तिने पुस्तक परत नेले नव्हते. ते आमच्या पिशवीत होते.

*

आम्ही ती कादंबरी वाचायला घेतली ती काहीशा नाखुशीने, हे कबूल केले पाहिजे. साहित्याच्या अभ्यासकांत या प्रकाराकडे पाहण्याची एक ठरलेली रीत आहे. एक तर ती ऐतिहासिक, म्हणजे पोशाखी. त्यातून प्रेमकथा, म्हणजे भाबडी. त्यावर धार्मिक, म्हणजे प्रचारकी. तीन दोष एकाच वेष्टनात! पण या प्रकाराची वंशावळ पाहिली की इतक्या सहजपणे हात झटकता येत नाहीत. चार्ल्स किंग्जलीची ‘हायपेशिया’ १८५३ सालची आणि तिला जणू प्रत्युत्तर म्हणून आलेली कार्डिनल वाइजमनची ‘फॅबिओला’ १८५४ सालची. इंग्लंडातले धर्मोपदेशक त्या दशकात पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती लोकांच्या कथा लिहून आपापसांतले वाद खेळत होते. पुढे १८८० साली लू वॉलेसची ‘बेन-हर’ आली. १८९६ साली हेन्रिक शेंकेविचची ‘क्वो वादिस’ पुस्तकरूपाने आली आणि या पोलिश कादंबरीकाराला १९०५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातला रोमन सरदार व्हिनिशियस लिजिया नावाच्या ख्रिस्ती मुलीला आधी सत्तेच्या बळावर आपल्या घरी आणू पाहतो आणि ती निसटून जाते. त्या निसटण्यातून कादंबरी उभी राहते. ती निसटली नसती, तर तिला एक मालक मिळाला असता आणि वाचकाला गोष्ट मिळाली नसती.

रिव्हर्सची कादंबरी प्रथम १९९१ साली निघाली आणि १९९७ साली एका ख्रिस्ती प्रकाशनगृहाकडून सुधारून पुन्हा निघाली. बायबलच्या जुन्या करारात होशेय नावाचा संदेष्टा आहे. पत्नी सोडून गेली तरी तिला पुन्हा घरी आणण्याची आज्ञा त्याला होते. ती कथा लेखिकेने १८५० च्या कॅलिफोर्नियात, सोन्याच्या शोधात लोंढे आलेल्या वस्त्यांत नेली आहे. एंजल ही लहानपणीच विकली गेलेली वेश्या. मायकेल होझिया हा शेतकरी. हिच्याशी लग्न करावे, अशी देवाची इच्छा आहे असे त्याला वाटते. ती नकार देते. मग एके दिवशी ती मारहाणीने अर्धमेली होऊन पडलेली असताना तो पुन्हा विचारतो. ती कशीबशी होकारासारखे काही पुटपुटते आणि तो तिला घरी घेऊन जातो.

भोर-पुणे एस.टी.त हे पान वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून ठेवले. बाहेर भाटघरचे पाणी दिसत होते. लेखिकेने मायकेलला अत्यंत सज्जन केले आहे, तो तिला हातही लावत नाही, हे सगळे मान्य. तरीही शुद्धीवर नसलेल्या बाईच्या तोंडून निघालेल्या दोन शब्दांना होकार म्हणायचे का? देवाने सांगितले आहे, असे ज्याला वाटते, त्याने तर अधिकच सावध राहायला हवे.

तथापि आम्ही पुढे वाचत गेलो आणि आमचे मत थोडे बदलले. एंजल पळून जाते. तो तिला शोधून आणतो. ती पुन्हा जाते. अखेरच्या वेळी मात्र तो तिच्या मागे जात नाही. ती सॅन फ्रान्सिस्कोत काही वर्षे राहते, आपल्यासारख्याच मुलींसाठी एक घर उभे करते आणि मग स्वतःच्या पायांनी परत येते. कादंबरीतले प्रवचन पानोपानी आहे, योगायोगांची रेलचेल आहे. पण लेखिकेला एवढे नक्की कळले आहे की पहिला होकार खरा नव्हता. तो खरा व्हायला त्या बाईला निघून जाण्याची मोकळीक मिळावी लागली, आणि ती मोकळीक द्यायला नायकाला चारशे पाने लागली.

पुस्तक परत करताना आम्ही तिला विचारले, “ते लग्न लागतं तो प्रसंग तुला पटला?”

“नाही,” ती म्हणाली. “पण ती जाते ते पटलं. आईला मी तेवढंच सांगितलं.”

*

या प्रकाराला परका म्हणून बाजूला ठेवावे, तर आमची स्वतःची यादी आडवी येत होती. राजगड, तोरणा आणि रोहिडा ज्यांच्या खिडकीतून दिसतात, त्या मुलांना आम्ही ज्या कादंबऱ्या देत होतो, त्यांची घडण तरी याहून किती निराळी आहे? तिथेही भूतकाळ आहे. तिथेही एक श्रद्धा आहे, जिच्यासाठी माणूस घरदार पणाला लावतो. मुलाचे लग्न बाजूला ठेवून कोंढाण्यावर निघालेला तानाजी हा श्रद्धेने भारलेला नायकच आहे. मावळातल्या ऐतिहासिक कादंबरीत स्वराज्य जे काम करते, तेच काम रिव्हर्सच्या कादंबरीत ख्रिस्त करतो. फरक इतकाच की आपल्याकडे प्रेम मागे ठेवून श्रद्धेकडे जायचे असते, तर त्यांच्याकडे प्रेम हीच श्रद्धेकडे जाणारी वाट असते.

आणखी एक फरक आहे आणि तो अधिक खोल आहे. धर्मांतर हा प्रसंग आपल्या ऐतिहासिक वाङ्मयाला अपरिचित नाही. नेताजी पालकर १६६७ साली मोगलांकडे मुसलमान झाले आणि १६७६ साली परत हिंदू धर्मात आले. मराठी वाचकाला ही कथा ठाऊक आहे ती जखम म्हणून आणि जखम भरून आल्याची खूण म्हणून. धर्मांतर म्हणजे गमावणे आणि परतणे म्हणजे मिळवणे. ख्रिस्ती कादंबरीत तोच प्रसंग फलप्राप्ती म्हणून येतो. एकाच शब्दाभोवती दोन वाचकांच्या मनात इतके वेगळे सूर उमटत असतील, तर त्यांना एकाच बाकावर बसवून एकच पुस्तक कसे वाचायला द्यावे, हा प्रश्न आमच्यापुढे होता. खरे सांगायचे तर तो प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे टाळत आलो होतो. त्या टाळण्याचे नाव ‘यमुनापर्यटन’.

बाबा पदमनजींची ही कादंबरी १८५७ सालची. मराठीतली पहिली स्वतंत्र सामाजिक कादंबरी म्हणून ती आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहीत आलो. लेखकाचे नाव, साल, विधवांच्या स्थितीचे निरूपण हा विषय. एक गुणाचा प्रश्न. वर्गातल्या सत्तर मुलांपैकी पासष्ट मुले तो बरोबर सोडवत आणि एकानेही पुस्तक पाहिलेले नसे. आम्ही ते कोणाला सुचवलेही नव्हते. का सुचवले नाही, याची आमच्याकडे उत्तरे होती. भाषा जुनी आहे. रचना सैल आहे, प्रवासात भेटलेल्या विधवांच्या हकिकती एकामागून एक ओवल्या आहेत. मतप्रतिपादन फार आहे. ही सगळी कारणे खरी आहेत. पण ती ज्या जुन्या कादंबऱ्या आम्ही आनंदाने सुचवत होतो, त्यांनाही लागू पडत होती. खरे कारण असे, की पुस्तकाच्या शेवटी यमुना ख्रिस्ती होते, आणि ‘सर आमच्या मुलीला कसली पुस्तकं देतात’ असे कोणी विचारायला येईल, ही भीती आमच्या मनात होती. ती भीती आम्ही स्वतःलाही सांगितली नव्हती. अभिरुचीच्या भाषेत ती बसवून टाकली होती.

म्हणजे हिशेब असा झाला. ख्रिस्ती मुलीला आम्ही ख्रिस्ती पुस्तक दिले, कारण ती ख्रिस्ती. बाकीच्या मुलांना ख्रिस्ती पुस्तक दिले नाही, कारण ती ख्रिस्ती नाहीत. दोन्ही वेळा पुस्तकाचा विचार झालाच नव्हता.

*

त्या वर्षी आम्ही ‘यमुनापर्यटन’ वाचायला घेतले. वर्गात नव्हे, शनिवारी दुपारी, ज्यांना यायचे त्यांच्यासाठी. सहा जण आले. छायाप्रती काढल्या. परिचारिकेची मुलगी होतीच. गुंजवणीच्या खोऱ्यातल्या शेतकरी घरची एक मुलगी होती, फारशी न बोलणारी.

वाचनाला सुरुवात झाली आणि मुलांना वाटत होते त्यापेक्षा ते पुस्तक जवळचे निघाले. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. गावोगावी त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कहाणी ते ऐकून घेतात. नवरा-बायको एकत्र बसून काही ऐकत आहेत आणि त्यावर एकमेकांशी बोलत आहेत, हे दृश्यच १८५७ साली किती नवे असेल, याकडे आमचे लक्ष मुलांनी वेधले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. म्हणजे कायद्याची शाई वाळते न वाळते तोच ही कादंबरी लिहिली गेली. लेखक स्वतः १८५४ साली ख्रिस्ती झालेला, पंचविशीतला तरुण. त्याच्या वाक्यावाक्यात घाई आहे. ती घाई साहित्यिक महत्त्वाकांक्षेची नाही, माणसे मरत असताना लिहिणाऱ्याची आहे.

मग विनायकराव मरतो. यमुना स्वतःच विधवा होते. ज्यांच्या कहाण्या ती ऐकत होती, त्यांच्यात जाऊन बसते. पुढे ती ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि तिचा पुनर्विवाह होतो. इथे आम्ही थांबलो. तेव्हा ती शेतकऱ्याची मुलगी प्रथमच बोलली. “सर, हिचं दुसरं लग्न झालं म्हणून लिहिलंय. पण तिला करायचं होतं का, ते कुठं आहे?”

परिचारिकेच्या मुलीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. ‘रिडीमिंग लव्ह’ वाचताना आम्ही ज्या पानावर अडलो होतो, तोच हा प्रश्न होता. बाबा पदमनजींनी यमुनेला केशवपनातून सोडवले, कोंडलेल्या घरातून सोडवले, तिच्यासाठी एक दार उघडले. त्या दारातून ती बाहेर पडताना तिचा चेहरा मात्र दाखवला नाही. लेखकाला उपाय सांगायचा होता आणि उपाय सांगण्याच्या भरात माणूस मागे राहिला. हा दोष ख्रिस्तीपणाचा नाही. सुधारणेच्या घाईचा आहे.

आम्ही त्या मुलांना आणखी दोन विधवा दाखवल्या. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो!’ची नायिकाही यमुनाच, घरच्यांची यमू. कादंबरी ‘करमणुकी’त १८९० पासून क्रमशः आली. तिथे दार उघडत नाही. सक्तीचे केशवपन होते, पण यमू स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते, त्यामुळे तिला काय हवे होते ते आपल्याला पानापानावर ठाऊक असते. आणि त्याच हरिभाऊंच्या १९०३ सालच्या ‘गड आला पण सिंह गेला’मध्ये सती जायला निघालेल्या कमलकुमारीला उदयभानू बळाने पकडतो आणि कोंढाण्यावर आणतो. मुलांनी ती कादंबरी तानाजीसाठी वाचली होती. त्यात एक विधवा आहे, तिच्या नकारावर सगळी कथा उभी आहे, हे त्यांच्या लक्षात राहिले नव्हते. आमच्याही राहिले नव्हते. एका यमुनेला दार मिळाले आणि आवाज मिळाला नाही. दुसरीला आवाज मिळाला आणि दार मिळाले नाही. कमलकुमारीच्या वाट्याला तर चिता आणि उदयभानू यांतून निवड आली. ख्रिस्ती, सामाजिक, ऐतिहासिक असे आमचे तीन वेगवेगळे कप्पे होते. त्या दुपारी ते एकाच प्रश्नापुढे रिकामे झाले: तिला नाही म्हणता येत होते का?

*

पुढच्या शनिवारी शेतकऱ्याच्या मुलीने छायाप्रतींचा गठ्ठा परत आणून ठेवला. “घरी नको म्हणतात,” एवढेच ती म्हणाली.

आम्हाला राग आला. ज्याची भीती वाटत होती ते घडले, म्हणून आला. त्यात भर म्हणजे शिक्षककक्षात एका सहकाऱ्याने ‘ही उठाठेव कशासाठी’ असे सौम्यपणे विचारले. आम्ही मनातल्या मनात वाङ्मयीन स्वातंत्र्यावर एक भाषणही रचले. ते भाषण कोणाला ऐकवले नाही, हे बरे झाले. कारण घरी जाताना लक्षात आले, की आठवडाभर आम्ही नायिकेच्या नकाराच्या हक्कावर बोलत होतो आणि पहिला खरा नकार समोर आला तेव्हा आमचा संताप झाला होता. मायकेल होझियाला जे शिकायला चारशे पाने लागली, ते आम्हाला दोन शनिवारांत यायला हवे होते. सुचवलेले पुस्तक नाकारता येत नसेल, तर ती शिफारस राहत नाही. तो हुकूम होतो, किंवा ज्या गोष्टीचा आरोप आपण धर्मप्रचारकांवर करतो, तीच गोष्ट होते.

गठ्ठा उलगडून पाहिला तेव्हा शेवटच्या काही पानांवर तेलाचा डाग होता आणि एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. आम्ही काही विचारले नाही. महिनाभराने तिनेच सांगितले. घरात तिची विधवा आत्या असते. वडिलांनी ‘नको’ म्हटल्यावर पाने दोन दिवस चुलीमागच्या फडताळात होती आणि आत्याने ती रात्री वाचली होती. सातवीपर्यंत शिकलेली बाई, जुन्या मराठीला अडखळत वाचली असणार. “काय म्हणाली?” आम्ही विचारले.

“म्हणाली, दुसरं लग्न झालं ते राहू दे. नवऱ्याबरोबर एवढा मुलूख तरी बघितला बाईनं.”

‘यमुनापर्यटन’वर आम्ही बरीच समीक्षा वाचली आहे. पहिलेपणाचा वाद वाचला आहे, प्रचार आणि कला यांची चर्चा वाचली आहे. शीर्षकातल्या ‘पर्यटन’ या शब्दाकडे इतक्या हेव्याने पाहणारी टीका आमच्या वाचनात आली नव्हती. हे पुस्तक तिला कोणी सुचवले नव्हते. ते तिच्या हाती नकारातूनच गेले होते.

*

परिचारिकेच्या मुलीचा मूळ प्रश्न अजून शिल्लक होता. असे मराठीत काही आहे का? तिला हवी होती ती इथल्या मातीतली, जुन्या काळातली, ख्रिस्ती माणसांची प्रेमकथा. आम्ही तिच्यासाठी शोधू लागलो तसे एक गोष्ट जाणवत गेली. मराठी ख्रिस्ती लेखणीला भूतकाळाचे स्वप्नरंजन फारसे मानवलेले दिसत नाही. तिची थोर परंपरा फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ‘क्रिस्तपुराणा’पासून आहे, पण एकोणिसाव्या शतकापासून तिचे गद्य उमलले ते आत्मकथनात. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’, लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’. याचे कारण आम्हाला असे दिसते: ऐतिहासिक प्रेमकथेसाठी असा भूतकाळ लागतो, ज्यात आपण निःशंक मनाने जाऊन राहू शकतो. राजगडाच्या पायथ्याच्या मुलाला तो आयता मिळतो. मराठी ख्रिस्ती लेखकाने मागे वळून पाहिले, तर वसई आहे आणि गोवा आहे, आणि दोन्हीकडे तलवार आधी भेटते. धर्मसमीक्षणाची न्यायसभा गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, चालली. तिथे कथा रचायची, तर आपण कोणाच्या बाजूने रचतो आहोत, याचा जाब प्रत्येक पानावर द्यावा लागतो. अशा वेळी माणूस इतिहास सोडून स्वतःचेच आयुष्य साक्षीला काढतो.

आणि तसे साक्षीला काढताना मराठीतली सर्वांत मोठी ख्रिस्ती प्रेमकथा लिहिली गेली, हे आता आम्ही तिला वेगळ्या अर्थाने सांगू शकलो. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्या रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या. पुढे एकाच गावात आल्या तरी सोवळ्याओवळ्याच्या भिंती त्यांनी आपल्या वेगाने, एकेक वीट काढत पाडल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो जातिभेद माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःला उमगल्यावर. टिळकांसारखा उतावळा माणूस, पण पाच वर्षे थांबला. एंजलला जे करायला लेखिकेची परवानगी लागली, ते लक्ष्मीबाईंनी कोणालाही न विचारता केले.

“म्हणजे सर, तुमची पहिली शिफारस बरोबरच होती,” ती म्हणाली.

“पुस्तक बरोबर होतं. सुचवण्याचं कारण चुकीचं होतं.”

हिवाळ्यात आम्ही सहाही जणांना घेऊन नसरापूरच्या बनेश्वराला गेलो. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी बांधलेले हे महादेवाचे देऊळ, भोवती वनविभागाचे रान, खाली शिवगंगेचा ओढाळ प्रवाह. वेल्ह्याला (या तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय २०२४ साली झाला) जाणारी वाट इथूनच फुटते, त्यामुळे सगळ्यांचे देऊळ शंभरदा पाहिलेले. देवळात एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांच्या १७३९ सालच्या वसईच्या विजयात मिळालेल्या घंटांपैकी ती एक, असे सांगतात. आम्ही मुलांना जवळ जाऊन पाहायला सांगितले. घंटेवर क्रूस आहे आणि १६८३ हे साल आहे.

शेतकऱ्याची मुलगी बराच वेळ वर पाहत राहिली. “लहानपणापासून वाजवतो आम्ही ही,” ती म्हणाली. “हे कधी बघितलंच नाही.”

परिचारिकेच्या मुलीने वहीत साल उतरवून घेतले. मग दोघींनी मिळून, ही घंटा ओतली गेली तेव्हापासून इथे टांगली जाईपर्यंतची वर्षे मोजली. आधी छप्पन वर्षे एका प्रार्थनेची, नंतर अडीचशेहून अधिक वर्षे दुसऱ्या. मधल्या प्रवासात ती कोणी वाहिली असेल, बैलगाडीवर की होडीतून, वाटेत ती वाजली असेल का, असे त्या आपसांत बोलत होत्या. आम्ही मुद्दाम चार पावले मागे राहिलो. इथे कादंबरी आहे, लिहा, असे आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही सुचवले नाही.

*

यादी आम्ही अजूनही देतो. आता तिच्यात ‘पावनखिंड’ आहे आणि ‘यमुनापर्यटन’ही आहे, ‘क्वो वादिस’ आहे आणि ‘गड आला पण सिंह गेला’ही आहे, आणि कोणते पुस्तक कोणाचे हे आम्ही ठरवत नाही. पुस्तकात काय आहे ते सरळ सांगतो: यात धर्म बदलतो, यात सती आहे, यात प्रवचन फार आहे. न आवडल्यास परत आणा, कारण सांगायची गरज नाही, असेही सांगतो. परत येणाऱ्या पुस्तकांची संख्या वाढली आहे. वाचून परत येणाऱ्यांचीही.

त्या मुलीने पदवी घेऊन जाताना आम्हाला रिव्हर्सचीच आणखी एक कादंबरी सुचवली. १९९३ सालची, ‘अ व्हॉइस इन द विंड’. जेरुसलेमच्या पाडावानंतर गुलाम होऊन रोममध्ये आलेली हदासा आणि तिच्या मालकाचा मुलगा मार्कस यांची कथा. तो तिच्यावर प्रेम करतो, तिला लग्नाचे विचारतो, आणि जिच्या मालकीचे अंगावरचे वस्त्रसुद्धा नाही अशी ती मुलगी त्याला नाही म्हणते. तो प्रसंग वाचताना आम्हाला तिची निवड कळली.

पत्र लिहून आम्ही पोच दिली. खरे खरे लिहिले: हदासाचा नकार फार आवडला, पण मधली प्रार्थनेची आणि उपदेशाची पुष्कळ पाने आम्ही गाळली, राग मानू नये.

उत्तर आठ दिवसांत आले. आई बरी आहे, ‘यमुनापर्यटन’ची प्रत तिला दिली आहे, ती रोज दोन पाने वाचते, वगैरे. आणि शेवटी एक ओळ होती: ती पानं मीही गाळते, सर.